उमरेडचं जोडकार्ड

डॉक्टर आंबुलकर गेल्याची बातमी मला पोस्टमनने सांगितली. सकाळी दहाच्या सुमारास दवाखान्यातल्या रेकॉर्डच्या खोलीत मी नेहमीसारखी आलेली कार्डं गावांप्रमाणे लावत होते. त्याने नवा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि विचारलं, आता ही कोणाला द्यायची बाई, साहेब तर पहाटेच गेले. मी गठ्ठा उचलला. काटोलहून एक, कळमेश्वरहून दोन... प्रत्येकावर साहेबांचं नाव, आणि आत एकच वाक्य, 'मी बरा आहे.' पुढचे कित्येक दिवस बऱ्या झालेल्या माणसांची पत्रं त्या गेलेल्या माणसाच्या नावाने येतच राहिली.

नागपूरच्या त्या दवाखान्यात मी चौदा वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली कारकून होते. सुरुवातीच्या काळात कॅन्सरचं नावही कोणी मोठ्याने घेत नसे, 'तो रोग' म्हणत. दुखणं कमी करायचं औषध द्या आणि घरी पाठवा, हे मोठ्या मोठ्या डॉक्टरांचं मत. आमच्या डॉक्टरांनी मात्र गळ्यातल्या गाठींच्या कॅन्सरवर किरणं आणि नवी इंजेक्शनं आलटून पालटून द्यायला घेतली, आणि हा रोग पूर्ण बरा होतो असं ते म्हणू लागले. लोक हसले. डॉक्टर वाद घालत बसले नाहीत. उपचार संपल्यापासून दर वर्षी ते प्रत्येक रोग्याला जोडकार्ड पाठवायचे. त्याचं एक पान आमचं, दुसरं कोरं, उत्तरासाठी. ओळीने पाच वर्षं उत्तरं आली की रजिस्टरात लाल शाईने 'बरा' लिहायचे. नातेवाईक पाया पडले तरी त्याआधी नाही. आणखी एक सवय होती त्यांना. रोग्याचा गळा तपासण्याआधी दोन्ही तळवे बराच वेळ चोळायचे, कारण त्यांचे हात बारा महिने थंडगार. इतकं चोळूनही त्यांचा हात लागला की भर उन्हाळ्यात माणूस दचकायचा.

उमरेडचा विणकर सुखदेव, हा उपचार पुरा करणाऱ्या पहिल्या काही जणांतला. गळ्यावरच्या लिंबाएवढ्या गाठी पार विरघळल्या, चालत घरी गेला. वर्षाने त्याला कार्ड गेलं, उत्तर आलं नाही. डॉक्टर रोज सकाळी दारात उभे राहून विचारायचे, "बाई, उमरेडचं आलं का?" महिनाभर हेच. त्याच औषधांवर त्यांनी आणखी माणसं ठेवली होती, आणि सुखदेव गेला असेल तर त्या सगळ्यांचं काय, ही काळजी त्यांच्या चेहऱ्यावर दिसायची. मला ते बघवेना. मी एक कोरं उत्तराचं कार्ड घेतलं, डाव्या हाताने 'मी बरा आहे. सुखदेव' असं लिहिलं आणि ओळखीच्या कंडक्टरकरवी उमरेडच्या पेटीत टाकायला लावलं. डॉक्टरांनी ते कार्ड वाचलं, उलटून पाहिलं, "बरं" म्हणाले आणि खिशात घातलं. मी आपल्या हुशारीवर खूश.

मग दर वर्षी लिहिणं आलं. पुढच्या वर्षीही उत्तर नाही, म्हणजे सुखदेव नाही, हे मी मनोमन धरूनच चालले होते. हळूहळू लक्षात आलं की आपण मेलेल्या माणसाला बरा म्हणवतोय आणि त्याच्या भरवशावर जिवंत माणसांना इंजेक्शनं दिली जाताहेत. कबूल करायची हिंमत झाली नाही. तिसऱ्या वर्षी तर माझा डावा हात न अडखळता लिहायला लागला, आणि ते अक्षर माझं वाटेना... मी भित्री बाई नाही, पण ते कार्ड लिहिताना मी खोलीचं दार उघडं ठेवायची.

डॉक्टरांचं तेरावं झाल्यावर रजिस्टर नव्या डॉक्टरांकडे सोपवायचं म्हणून मी त्यांचा खण उघडला. माझी पाचही कार्डं तिथे बँडेजच्या पट्टीने बांधून ठेवली होती. रजिस्टरात सुखदेवच्या नावापुढे पाच रकान्यांत पाच वेळा त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'उत्तर नाही.' पहिल्या दिवसापासून त्यांना ठाऊक होतं. लाल शाईतली नावं सगळी खऱ्या माणसांची होती, माझ्या खोटेपणाचा डाग त्यांनी एकाही ओळीला लागू दिला नव्हता. मला कधी शब्दाने बोलले नाहीत. मी तिथेच बसून रडले, दुःखापेक्षा शरमेनेच जास्त.

सुखदेवचं खरं काय झालं ते निदान आता तरी बघावं, म्हणून आठवड्याने मी उमरेडची बस धरली. विणकरांच्या गल्लीत घर सापडलं. दारातून पाहिलं तर मागावर एक माणूस बसलेला, कानापाशी केस पिकलेले, गळ्यावर जुना व्रण. नाव विचारलं. सुखदेवच होता.

त्याची आई सोनाबाई आतून आली. मी दवाखान्यातली म्हटल्यावर तिने आढ्याकडे बोट दाखवलं. आमची सगळी जोडकार्डं तिथे खोचलेली होती, एकाचंही पान फाडलेलं नव्हतं.

"मीच लिहू नाही देल्लं," ती म्हणाली. "दवाखान्याच्या कागदाले जबाब देल्ला का बिमारीले घराचा पत्ता लागते वं बाई. पन आता लिहीन म्हनते पोरगा. डाक्टर सोता येऊन सांगून गेले ना."

कधी, मी विचारलं. मागच्या बाजाराच्या दिवशी, ती म्हणाली. डॉक्टरांना जाऊन तेव्हा दोन आठवडे उलटून गेले होते.

"गळा पाह्यला," सुखदेव म्हणाला. "या खेपेस हात नाही चोळले त्यायनं. पन गरम होते."

ते गेल्याचं मी त्यांना सांगितलं नाही. चहा घेतला आणि निघाले. म्हातारीचा वार चुकला असेल, असं बसमध्ये मी स्वतःला बजावत होते. पण सुखदेवचाही?

परवा त्याचं कार्ड आलं. साहेबांच्या नावाने, 'मी बरा आहे.' मी रजिस्टर उघडलं. लाल शाईचं पेन खणातच होतं, आणि तो माणूस धडधाकट मागावर बसलेला मी डोळ्यांनी पाहिला होता. फार मनात आलं... पण मी पेन परत ठेवलं आणि निळ्या शाईने लिहिलं, 'पहिलं उत्तर आलं.' अजून चार यायची आहेत.

लिहिण्याआधी मला दोन्ही तळवे बराच वेळ चोळावे लागले. बाहेर मे महिन्याचं ऊन आहे, आणि हल्ली माझे हात थंडच असतात.