आमच्या मार्केटचा उंबरठा

घाटंजीत पहिलं पक्कं मार्केट झालं तेव्हा मी नवी सून होते, आणि आमच्या गाळ्यात पहिलं गिऱ्हाईक आलं ते माझ्या किंकाळीमुळं. ही गोष्ट मी लग्नात सांगितली आहे, बारशात सांगितली आहे, एकदा तर एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगितली आहे. दर वेळी किंकाळी थोडी लांबते, हे मान्य. आज कागदावर उतरवते आहे म्हणून आवरती घेते.

आम्ही कासार. सासूबाईंना मी मामी म्हणायची. आठवडी बाजारात एका कडुनिंबाखाली बांगड्यांची पेटी घेऊन त्या वर्षानुवर्षं बसत आल्या होत्या. बाईच्या तोंडाकडं न बघता मनगटावरून ओळखायच्या. "गेल्या पोळ्याला हा हात भरला होता. आता सुकला. सासरी पोटभर घालत नाहीत वाटते," असं म्हणायच्या, आणि समोरची पोर डोळ्याला पदर लावायची.

त्यांचा एक कडक नेम होता. गिऱ्हाईकाला हाक मारायची नाही. बाजूचा भाजीवाला घसा फोडून ओरडायचा, मामी ढिम्म. "बाई बांगडी भरायले येते ते माहेरी आल्यासारखी, आपल्या पायानं. तिले कायले बोलवा लागते?"

साठ सालाच्या आसपास गावच्या कारभाऱ्यांनी बाजाराच्या कडेला इमारत उभी केली. समोरासमोर गाळ्यांच्या दोन रांगा, मधे फरशीची वाट, वर पत्रे. प्रत्येक गाळ्याला लोखंडी दार आणि वीतभर उंच उंबरठा. गाव तिला मार्केट म्हणायला लागलं, आणि म्हणताना छाती पुढं काढायला लागलं. गाळ्यांसाठी चिठ्ठ्या टाकल्या, त्यात आमची निघाली. गाळा घेतला की बाजारातली जुनी जागा सोडायची, अशी अट. आम्ही सोडली. आठ दिवसांत कडुनिंबाखाली एक मिरचीवाला बसला.

मग सुरू झाली गंमत. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यातल्या बायका मार्केटपाशी आल्या. तोंडाशीच सगळ्यांनी चपला काढल्या, नीट ओळीनं मांडल्या. गार फरशीवरून पावलं जपत चालल्या. एकीनं तर हात जोडले. प्रत्येक गाळ्यासमोर उभ्या राहिल्या, आत डोकावल्या, आणि गेल्या बाहेर.

तिसऱ्या बाजारी बंजाऱ्यांच्या तांड्यातल्या दोन बाया आमच्या दाराशी कुजबुजताना ऐकल्या, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एक म्हणाली, "आत कसं जावं? मालकीण या म्हणेना." बरोबरच होतं तिचं! बाजारात जमिनीवर पोतं असतं, त्यावर कोणीही टेकावं. इथं भिंती होत्या, उंबरठा होता, आत मांडी घालून एक बाई बसली होती. म्हणजे घरच की ते. परक्याच्या घरात न बोलावता कोण शिरतं? आणि आतल्या बाईचा नेम हाक न मारण्याचा.

कापडवाल्यानं माल वाटेवर मांडला आणि ओरडायला लागला. मामींना ते जमणारं नव्हतं. "दिवाळीपर्यंत पाहीन," त्या म्हणाल्या. "नाही तर पेटी बंद करतो आन् नेरले थोरल्या पोराकडे जातो. नातवंडं सांभाळीन." त्या दिवशी त्यांनी पेटी पुसली, पण बांगड्या रोजच्यासारख्या रंगानं लावल्या नाहीत. मला आई नव्हती. जे काय शिकत होते ते या बाईच्या बोटांकडं बघून शिकत होते, आणि अजून निम्मंही आलं नव्हतं.

पुढच्या बाजारी मी दाराकडं पाठ करून मामींसमोर हात धरला. "मामी, नवा माल माझ्या हातावर दिसू द्या. सव्वादोन मापाची भरा."

"तुले अडीच लागते."

"बसते वो."

त्या भरायला लागल्या. मधली वाट बायकांनी भरेपर्यंत मी वाट पाहिली, आणि मग सोडली:

"मेले वं माय! मारलं वं मले सासूनं!"

बाजारातल्या बैलांनीसुद्धा रवंथ थांबवला. मामींच्या हातात एक बांगडी तडकली. "वाढली," त्या म्हणाल्या. आमच्या धंद्यात आभाळ कोसळलं तरी 'फुटली' म्हणत नाहीत. मग दात आवळून, "येडी झाली काय वं?"

दारात लुगड्या-घागऱ्यांची भिंत उभी राहिली. पण सगळ्या उंबरठ्याबाहेर! तिथूनच सल्ले.

"सोड वं तिले!"

"नवी सून अशीच नखरे करते."

तांड्यातली एक म्हातारी ओरडली, "हात मोडशील त भाकरी कोण थापीन?"

आत मात्र कोणी येईना. मी दुसरी किंकाळी मारली. ती खरी होती, कारण आता मला रडूच यायला लागलं होतं.

तेव्हा एक बाई उंबरठा ओलांडून आली. पांढरं लुगडं. छप्पन सालानंतर ज्या वस्तीनं नवा धम्म घेतला होता, तिथली. जुन्या बाजारात त्या बाया जरा लांब उभ्या राहायच्या. मामी बांगड्या जमिनीवर ठेवायच्या, आणि त्या घरी नेऊन आपल्या हातानं भरायच्या. कडुनिंबाखाली रेघ कुणी ओढली नव्हती, तरी सगळ्यांना ती दिसायची. ही बाई सरळ आत आली आणि तिनं मामींचं मनगट धरलं.

"सासू असान घरी. इथं बाजार आहे. सोडा पोरीले."

मी रडायचं विसरले. मामी आपल्या मनगटावरच्या त्या हाताकडं बघत राहिल्या. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांचे हात धरले होते, त्यांचा कोणी धरला नव्हता. मला वाटलं, झालं, आता पेटी बंद. पण मामींचा अंगठा सवयीनं वळला आणि त्या हाताचं माप घेऊन मोकळा झाला.

"सव्वादोन," मामी म्हणाल्या. "आन् हिले अडीच लागते. सांगून राह्यली त आयकत नाही. बस. हात दे."

बाईनं माझ्याकडं पाहिलं. मी निलाजरी, गालातल्या गालात हसले.

"नाटक करून राह्यलती काय वं तू?"

"थोडंसं दुखलं होतं."

ती खळखळून हसली आणि बसली. "निळ्या आहेत काय?" मामींनी निळ्या काढल्या. एकेक करून, सावकाश, अंगठ्याचं मूळ दाबत भरल्या, आणि वर शकुनाची एक जास्तीची घातली.

दारातली म्हातारी तापली. "तिले बसवलं, मंग आम्ही काय उन्हात वाळू?" आणि ती भिंत आत कोसळली. उंबरठा घागऱ्यांखाली दिसेनासा झाला. त्या दिवशी मार्केटच्या तोंडाशी चपलांचा असा ढीग झाला, की कितीजणी एकमेकींच्या चपला घालून आपापल्या गावाला गेल्या.

माल आवरताना मी बोलण्यांची वाट बघत होते. मामी पेटीत बांगड्या रंगानं लावत होत्या. "तिनं हात धरलाच होता," त्या कुणालाच उद्देशून नसल्यासारख्या बोलल्या. "हातात हात आल्यावर मी काय मागं घेऊ?" याविषयी त्या एवढंच बोलल्या, पुढं कधीही नाही. नेरचं नावही निघालं नाही, दिवाळी आली आणि गेली तरी.

पुढच्या बाजारी मामींनी उंबरठ्याच्या आत पोतं अंथरलं आणि मांडी घालून बसल्या. वाट भरत चालली होती. हाक मारायची नाही, हा नेम शाबूत होता. त्यांनी माझ्याकडं तिरप्या डोळ्यानं पाहिलं.

"काहून वं," त्या म्हणाल्या, "आज नाही बोंबलत?"