बासिलिसाचा कर्णा आणि दोन इसिद्रो

त्या काळी ला कुएस्ताच्या शनिवारच्या बाजारात कुणी घड्याळ बघत नसे. नगरपालिकेच्या छपरावरचा कर्णा खाकरला, की दहा वाजले. खाकरायची बासिलिसा ओरेयाना. मग बायका तव्यावरच्या मक्याच्या भाकऱ्या बाजूला सारायच्या, खेचरांचे दोर खांबाला पडायचे, कॉफीचे पेले हातातच राहायचे.

"ऐका हो बारा वाड्यांनो. सरकार एकदाच सांगतं, तेही हळू. मी दोनदा सांगते. तिसऱ्यांदा विचारायला आलात तर झाडू हातात देईन."

आणि मग सुरू व्हायचं. राजधानीत कुठला मंत्री बदलला, कुठल्या खात्याने शाळेच्या बाकांसाठी अर्ज मागवलेत, कुठल्या परदेशी संस्थेला संडास बांधून द्यायची हौस आलीय, छपराचे पत्रे कुणाला, बियाणं कुणाला, आणि सगळ्यात शेवटी, आवाज चढवून, मुदत. आमच्या डोंगरातल्या नगरपालिकेला ना वर्तमानपत्र यायचं, ना फोन लागायचा. मंगळवारच्या बसने टपालाची पिशवी यायची आणि शनिवारी तिला तोंड फुटायचं. ते तोंड बासिलिसाचं.

ती पालिकेत आली होती झाडू मारायला, चौदाव्या वर्षी, नदीपलीकडच्या पिनालितो वाडीतून. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. अक्षरं शिकली ती कचऱ्याच्या टोपलीतून. चोळामोळा झालेली परिपत्रकं ती घरी न्यायची, मांडीवर सरळ करायची, मास्तरांना एकेक अक्षर विचारायची. दोन वर्षांनी वाचता यायला लागलं, तेव्हा तिला समजलं की ते कागद टोपलीत का पडतात. प्रत्येकावर एक तारीख असे आणि ती उलटून गेलेली असे. कुणीतरी पाइप द्यायला तयार होतं, कुणी दवाखाना. पालिकेत कुणी वेळेत पाकीटच फोडलं नव्हतं.

त्या दिवशी ती मेयरच्या खोलीत झाडू घेऊनच शिरली आणि अर्धा तास बोलली. मेयर वेन्सेस्लाओ तसा वाईट नव्हता, नुसता आळशी होता. बाईचं तोंड बंद करायला त्याने तिला कर्णा दिला. शहाण्याने आपलीच झोप घालवली. लोक म्हणतात खेड्यांना योजना मागता येत नाहीत. मागायला आधी कळावं लागतं, राजे हो. कळू द्यायचं नाही आणि वर अडाणी म्हणायचं, हा धंदा जुना आहे.

बासिलिसाने एक युक्ती केली होती. वाड्यांवर कॅलेंडर कुणाकडे नव्हतं. 'चोवीस जून' म्हटलं की माणसं एकमेकांकडे बघायची. म्हणून ती तारखा संतांच्या सणांत सांगायची. चोवीस जून म्हणजे सान हुआन. 'सान हुआनच्या आधी कागद आणा' म्हटलं की बारा वाड्यांतलं शेंबडं पोरही समजून जायचं. सात वर्षं एकही मुदत चुकली नाही. तिला त्याचा गर्व होता, आणि तो लपवायची सवय तिला नव्हती.

मोठं वादळ येऊन गेलं, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. नदीने पिनालितोचा झुलता पूल उचलून नेला होता. एकदा पावसाळा लागला की वाडी पाच महिने पलीकडेच. आदल्या पावसात कळा लागलेली एक बाई दोन दिवस काठावर अडकून पडली. ती वाचली, बाळ गेलं. आणि अशात एका विकास निधीचा कागद आला: वादळग्रस्त वाड्यांना प्रत्येकी एक काम, रस्ता, पूल, शाळा, काय हवं ते. पन्नास कुटुंबांच्या सह्या किंवा अंगठे. मुदत, पंधरा मे.

बासिलिसाने कर्ण्यावर सांगितलं, "सान इसिद्रोच्या आधी. ऐकलंत? नांगरवाल्या सान इसिद्रोच्या आधी कागद माझ्या टेबलावर."

सात वाड्यांचे कागद आले. ते जिल्ह्याच्या गावी गेले, पोच आली. पिनालितोचा आला नाही. बासिलिसा रोज नदीच्या वाटेकडे बघायची. पंधरा तारीख गेली. एकोणीसला पिनालितोचा क्रेसेन्सिओकाका दारात उभा. कमरेपर्यंत भिजलेला, टोपीत प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद, आणि चेहरा असा की जणू लग्नाचं आमंत्रण घेऊन आलाय.

"घे पोरी. बावन्न अंगठे. मोजून घे. आणि एक दिवस आधी आलोय, हे लिहून ठेव."

"कशाच्या आधी?"

"सान इसिद्रोच्या. तूच नाही का बोंबललीस? उद्या आमचा सान इसिद्रो. पाद्री उद्याच येतोय."

बासिलिसा खुर्चीत बसली.

बारा वाड्यांना पाद्री एक. नदीच्या दोन्ही काठांना संत एकच, पिनालितोलाही सान इसिद्रो आणि समोरच्या आग्वा सार्कालाही. आणि पाद्री ज्या दिवशी खेचरावरून उतरेल, तो त्या वाडीचा सण. यंदा खरी पंधरा तारीख आग्वा सार्काला मिळाली होती, पिनालितोला पाच दिवसांनंतरची. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणी तिने स्वतः दोन दोन सान इसिद्रो खाल्ले होते, मधाळ भाकरीसकट. पण टेबलामागे बसून सात वर्षं झाली, की माणसाचा सान इसिद्रो पंधरा तारखेलाच यायला लागतो.

"काका, मुदत चार दिवसांपूर्वी गेली."

क्रेसेन्सिओकाकाने कागद तिच्यापुढे सरकवला. "पण तू तर म्हणालीस..."

"मी म्हणाले."

त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने नुसती टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, "म्हणजे हाही पावसाळा पलीकडेच."

मेयरने ऐकलं आणि हसला. "एवढ्याने रडवेली झालीस? शिक्का तुझ्याच हातात आहे. तारखेचं चाक फिरव मागे. चौदा कर. टपाल उशिरा पोचलं म्हणू."

बासिलिसाने शिक्का उचलला. चाकावर अंगठाही ठेवला. मग खाली ठेवला. "मी खोटी तारीख मारली, तर येत्या शनिवारी कर्ण्यावर कुठल्या तोंडाने तारीख सांगू?"

"त्याच तोंडाने. मी चार निवडणुका त्याच तोंडाने जिंकल्या."

"तुमचं तोंड मजबूत आहे, साहेब."

तिने निधीचा कागद पुन्हा काढला. पुढचं पान, मागचं पान, मग मागच्या पानाचं तळाचं बारीक अक्षर, जे टोपलीत शिकलेल्या माणसालाच वाचायची खोड असते. तिथे लिहिलं होतं: मुदतीत आलेल्या अर्जात कामाचा प्रकार पंचवीस मेपर्यंत बदलता येईल, वाडीच्या बैठकीच्या सह्यांसह.

पूल काही एका काठावर उभा राहत नाही. अलीकडच्या काठावर आग्वा सार्का होतं. त्यांचा अर्ज मुदतीत गेला होता. मागितलं होतं कौलारू सभागृह.

दुपारीच ती आग्वा सार्काला चढून गेली. ओतिलिया, मानाने दोन्या ओतिलिया, तिथल्या समितीची अध्यक्ष, ओसरीवर कॉफी निवडत होती. पिनालितोची आणि यांची पाद्रीवरून तीन पिढ्यांची तेढ. ओतिलियाने मान वर न करता विचारलं, "कर्णा चालत आला? विशेष?"

बासिलिसाने सगळं सांगितलं. काही झाकलं नाही.

"म्हणजे आम्ही आमचं सभागृह सोडायचं. त्या काठच्या लोकांसाठी. जे म्हणतात आमचा सान इसिद्रो लाकडाचा आणि त्यांचा जिवंत."

"पुलावरून तुम्हीही जाल की."

"पिनालितोत आमचं काय पुरलंय?"

"पिनालितोत तुमच्या दोन मुली दिल्यात, दोन्या. थोरलीला सातवा महिना लागलाय. पावसाळ्यातच मोकळी व्हायची. कोणत्या काठावर बसून वाट बघणार आहात?"

ओतिलियाचे हात थांबले. तिने सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "बैठक घेते. सह्याही देते. पण एक अट. शनिवारी कर्ण्यावर तू सांगायचंस, की सान इसिद्रो पंधरा तारखेचा. पंधरा तारखेचा म्हणजे आमचा. पिनालितोचा तो शिळा."

"शिळा म्हणू?"

"हाच शब्द."

बासिलिसाचा जन्म पिनालितोचा. तिची आई त्याच संताच्या पायाशी पुरलेली. दुसऱ्या कुणी हा शब्द काढला असता तर तिने त्याचं सूप डोक्यावर पालथं केलं असतं. ती ओसरीवरून उठली, दोन पावलं गेली, परत आली. "पाणी द्या प्यायला," म्हणाली. प्याली. मग म्हणाली, "चालेल."

शनिवारी कर्णा खाकरला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ खाकरत राहिला. खाली बाजारात क्रेसेन्सिओकाका पिनालितोच्या दहाबारा माणसांना घेऊन उभा होता.

"ऐका हो बारा वाड्यांनो. या कर्ण्यावरून एक चूक झाली. ती मेयरची नाही, सरकारची नाही, पाद्रीची नाही. माझी. मी सान इसिद्रो म्हणाले आणि कुणाचा ते सांगितलं नाही. पिनालितोची मुदत माझ्यामुळे गेली. सान इसिद्रो पंधरा मेचा. तो यंदा आग्वा सार्काचा." इथे ती थांबली. "पिनालितोचा शिळा."

पिनालितोची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एकाने खेचर सोडलं. "आपल्याच पोटची," कुणीतरी म्हणालं. क्रेसेन्सिओकाकाने त्याला गप्प केलं नाही, पण तो स्वतः जागचा हललाही नाही.

"आणि आग्वा सार्का," बासिलिसाचा आवाज चिरकला, "आपलं सभागृह सोडून पूल मागतंय. दोन्ही काठांसाठी. हेही दोनदा सांगते, कारण दुसऱ्यांदा ऐकल्याशिवाय तुमचा विश्वास बसणार नाही." आणि तिने ते दुसऱ्यांदा सांगितलं. शिळा हा शब्दसुद्धा पुन्हा उच्चारला, कारण पेठेच्या टोकाला ओतिलिया कमरेवर हात ठेवून ऐकत होती.

चोवीस तारखेला ती स्वतः बसने जिल्ह्याला गेली. तिथल्या इंजिनियरने कागद उलटेपालटे केले. "सभागृहाचा पूल? हे कसं काय, बाई?"

"मागचं पान, साहेब. तळाला. चष्मा लावा."

त्याने चष्मा लावला, वाचलं, आणि खऱ्या तारखेचा शिक्का मारला.

त्या पावसाळ्यात पूल झाला नाही. सरकारी लोखंडाला डोंगर चढायला वेळ लागतो. ओतिलियाची थोरली चार पुरुषांच्या खांद्यावरून, दोराला धरून नदी पार करून माहेरी आली, तेही पाणी चढायच्या आत, कारण 'पोटुशींना पाणी चढायच्या आत अलीकडे आणा' असं बासिलिसा लागोपाठ तीन शनिवार कर्ण्यावरून ओरडत होती. पूल उभा राहिला पुढच्या मार्चात. दगड दोन्ही काठांनी वाहिले, एकमेकांना टोमणे मारत. कुणाचा ढीग मोठा, हे आजही ठरलेलं नाही.

आणि मे महिन्यात पाद्रीने सकाळी आग्वा सार्कात प्रार्थना केली, पूल ओलांडला आणि त्याच दुपारी पिनालितोत. दोन्ही काठांना पंधरा तारीख. पिनालितोची बायामाणसं वाटेवर फुलं घेऊन उभी होती. पाद्री आला तो ओतिलियाकडच्या कोंबडीने तट्ट भरलेला. प्रार्थनेत दोनदा जांभई दिली आणि प्रवचन तर अर्ध्यावरच सोडलं.

"बघ पोरी," क्रेसेन्सिओकाका बासिलिसाच्या कानाशी पुटपुटला. वर्षभरात त्याने तिच्याशी उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. "आता तारीख ताजी, पण पाद्री शिळा."

तिने शालीच्या टोकाने तोंड झाकलं. प्रार्थना चालू होती, हसणं बरं दिसलं नसतं.