प्रश्नानंतरची शांतता

आज कॉलेजच्या ग्रुपवर पुन्हा तो फॉर्म आला, ‘ऑनलाइन शिकवण्यास तयार आहात का?’, आणि मला लॉकडाऊनमधली नांदेडची एक दुपार आठवली. पंखा नुसती गरम हवा फेकत होता, फोन ओट्यावरच्या डाळीच्या डब्याला टेकवलेला, आणि मी त्याच्याकडे बघून अर्थशास्त्र शिकवत होते. माझी जुनी सवय अशी, की प्रश्न विचारायचा आणि गप्प राहून चेहरे बघायचे. उत्तर कुणाच्या तरी डोळ्यांत आधी दिसतं. फोनवर चेहरे नव्हतेच, नुसती नावं होती, आणि प्रश्न विचारला की तीही एकेक करून गायब व्हायची. उत्तर द्यायला नको म्हणून पळतात, असं वाटून मी चिडायचे. त्या दिवशी चाळिसातले सहाच उरले, तेव्हा मी तास अर्धवट बंद केला आणि तसल्याच फॉर्मवर ‘नाही’ लिहून पाठवलं. तेवढ्यात अर्धापूरजवळच्या खेड्यातल्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. केळीच्या बागेतून बांधापर्यंत पळत आली होती, धापा टाकत होती. “मॅडम, तास का बंद केला ओ? तुम्ही प्रश्न विचारून लई वेळ गप राहता, आम्हाला वाटतं रेंज गेली. म्हणून तासातून बाहेर पडून परत आलो, तर तुम्हीच न्हाई!” मी फोन तसाच कानाला धरून ठेवला. “हॅलो? मॅडम? गेली का रेंज?” ती विचारत राहिली. फॉर्मवरचं ‘नाही’ मी मागे घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून तासाला न थांबता बोलायला लागले. आता पोरं पुन्हा समोर बाकांवर असतात, पण प्रश्न विचारून झाला की कुणी तोंड उघडायच्या आत उत्तर मीच देऊन टाकते.