शाहीन आणि जंतूच्या आतला जंतू

शाहीन गेल्याचा फोन आला तेव्हा मी उमरीला अडलेल्या गाईचं वासरू ओढत होते. हात भरलेले, म्हणून मालकिणीने फोन माझ्या कानाला धरला. पलीकडे शाहीनचा धाकटा भाऊ; मोठ्या बहिणीला तो बाजी म्हणायचा. "ताई, बाजी गेल्या." वासरू बाहेर येईपर्यंत थांबावंच लागलं… मग तिथेच खाली बसले. त्याला आता काही आठवडे झाले.

आम्ही दोघी एकाच वर्गात पशुवैद्यक झालो. मी गावोगावच्या दवाखान्यांत राहिले, ती लातूरला प्रयोगशाळेत. वासरांना हगवण लावणारा एक सूक्ष्म परजीवी असतो, आणि त्याच्याही आत एक विषाणू राहतो. "जंतूलाही जंतू लागतो बघ," ती म्हणायची. परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली सगळे सारखेच दिसतात. पण हा विषाणू पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यासोबतच फिरतो, बदलतो. म्हणून विषाणूची जनुकीय लिपी वाचली की परजीवींची घराणी कळतील, असं तिचं म्हणणं. त्यासाठी उमरी, धर्माबाद, मुरुड करत आम्ही शेण गोळा केलं. मुरुडच्या गोदाबाई विचारायच्या, "डॉक्टरीणबाई, शेणात काय हुडकून राहिल्या?"

"खानदान," शाहीन सांगायची.

मग तिची मूत्रपिंडं थकली. डायलिसिस सुरू झालं, आणि त्याच उन्हाळ्यात वीज जाऊन फ्रीजरमधले सगळे नमुने वितळले. विषाणू नाजूक, वाचण्याजोगं काही उरलं नाही. मी म्हणाले, "सोड आता." ती म्हणाली, "वासरं जन्मायची थांबली का?"

नमुन्यांच्या दुसऱ्या खेपेला ती गाडीतच बसून राहायची, गोठ्यात मी जायचे. निकाल आला तेव्हा ती दवाखान्यात भरती होती. गावागणिक घराणं वेगळं निघेल, हा तिचा अंदाज. पण गोदाबाईंच्या एकाच गोठ्यात दोन घराणी निघाली, त्यातलं एक धर्माबादचं. तिकडच्या बाजारातून एक गाय आणली होती, हे गोदाबाईंनी मागाहून सांगितलं.

"म्हणजे मी चुकले," शाहीन डोळे मिटून म्हणाली. "बरं झालं, कळलं तरी…"

परवा मुरुडला गेले. गोदाबाईंच्या नव्या वासराला हगवण लागली होती. शाहीन गोठ्यात शिरली की आधी वासराचा कान मुठीत धरायची. कान गार पडला म्हणजे वासरू हातचं चाललं. माझाही हात आपोआप कानाकडे गेला.

"बाई बी असंच करायच्या," गोदाबाई म्हणाल्या.

कान अजून कोमट होता. मी तो बराच वेळ सोडला नाही.