मेडुसाचा खिळा

बोनकोड्यातली खोली भाड्याने घेतली तेव्हा मालकीणबाईंनी एकच अट घातली होती: भिंतीला खिळा ठोकायचा नाही. मी हो म्हटलं आणि आठवड्याभरात ठोकला. चित्रं काढणाऱ्या बाईने अकरा महिने कोऱ्या भिंतीकडे बघत बसायचं, म्हणजे अतिच झालं. त्या खिळ्यावर मी स्वतः रंगवलेली मेडुसा टांगली. डोक्यावर केसांऐवजी साप, आणि डोळे थेट समोरच्यावर रोखलेले.

करार संपत आला तेव्हा तो वाढवायचा की नाही हे ठरवायला खाली राहणाऱ्या मालकीणबाई, म्हणजे काकी, वर आल्या. एकट्या बाईला घर देताना लोक किती आढेवेढे घेतात, हे तीन घरं बदलून मला पुरतं कळलं होतं. इतका छान उजेड येणारी ही खोली मला सोडायची नव्हती.

काकी आत आल्या आणि चित्रासमोरच थबकल्या. डोक्यावर पदर घेतला, हात जोडले.

"बाय, ही कंची देवी?"

'देवीच आहे' म्हटलं असतं तर खिळाही माफ झाला असता. पण खोटं बोलायला माझी जीभ वळत नाही. लोक त्याला माझा दोष म्हणतात, मी म्हणत नाही.

"देवी नाही काकी, राक्षसीण आहे. ग्रीक लोकांची. हिच्या नजरेला नजर दिली की माणसाचा दगड व्हायचा."

हात खाली आले. मग मी पुढचंही सांगितलं. ती आधी देखणी मुलगी होती. समुद्राच्या देवाने तिच्यावर देवळातच जबरदस्ती केली, आणि त्या देवळातली देवी चिडली ती हिच्यावरच. शिक्षा म्हणून हिच्या केसांचे साप केले.

काकी चित्राच्या आणखी जवळ गेल्या. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं.

"मंग राक्षस कोन?" त्या म्हणाल्या. "ती का तो?"

चित्र पाहून रंगांबद्दल बोलणारे खूप भेटले होते, हे कुणी विचारलं नव्हतं.

करारबिरार काही न बोलता त्या खाली गेल्या. दहा मिनिटांनी हातोडी आणि खिळा घेऊन परत आल्या. दृष्ट लागू नये म्हणून दारावर जिथे राक्षसाचा काळा मुखवटा लावतात, तिथे त्यांनी तो खिळा स्वतःच्या हाताने ठोकला.

"घरान कशाला कोंडलीस तिला? हितं लाव. एकटी ऱ्हातेस."