मोहाच्या झाडांवरचे आकडे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. तलावाकाठच्या त्या पायवाटेचा विषय निघाला की मी हवेबद्दल, पाखरांबद्दल, कमळांबद्दल भरपूर बोलतो आणि बोलणं मोहाच्या झाडांपर्यंत पोचायच्या आत विषय बदलतो. इतकी वर्षं हेच करत आलो. आता माझं वय पंच्याहत्तरीच्या पुढे गेलं आहे आणि एका मेलेल्या माणसावर अजून आळ आहे. तो आळ खरा माझ्यावर यायला हवा होता.

चिचगडच्या पुढे जंगलातल्या एका गावात मी बरीच वर्षं शाळामास्तर होतो. निवृत्त झाल्यावर कुडव्याला घर बांधलं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, पण कुडव्याच्या रस्त्यावर दुचाक्यांच्या गर्दीत जीव मुठीत धरून चालावं लागे. मग आम्ही पाचसहा निवृत्त मित्र दर रविवारी जीप करून माझ्या जुन्या गावी जाऊ लागलो. तिथली वाट म्हाताऱ्यांच्या पायांना झेपणारी होती. आधी गुरं चरतात ते मोकळं माळरान, मग साग आणि ऐनाचं जंगल, मग तलावाची पाळ, म्हणजे लांबलचक मातीचा बांध, आणि तिथून परत गाव. चढ नाही, दगडगोटे नाहीत. रमतगमत दोन तास.

आमच्या पुढे गावातला एक शेतकरी चाले. तो माझ्याच वयाचा. त्याची दोन्ही मुलं माझ्या हाताखाली शिकलेली, म्हणून तो मला गुरुजी म्हणे. तो तलाव त्याच्या पूर्वजांनी बांधलेला. गावानं पाळीची देखरेख त्याच्याकडेच ठेवली होती. पाळीला कुठे खेकड्यांनी भोक पाडलं, कुठे माती खचली, हे तो चालता चालता पाहून ठेवी. हातातल्या काठीनं वाटेवरची कोळ्यांची जाळी तोडत जाई.

"गुरुजी, तुमचे लोक चालतेत कमी अन् बोलतेत जास्त," तो म्हणे.

आमच्यात बँकेतून निवृत्त झालेला एक मित्र होता. तो म्हणाला, "भाऊ, चाला म्हणून तर घरी पण सांगतात. बोलू कोण देतं?"

एका रविवारी आमच्या त्या शेतकरी सोबत्याच्या घरी धानाची मळणी होती, तो येऊ शकला नाही. वाट माझ्या ओळखीची, म्हणून मीच पुढे झालो. जंगलात गुरांच्या वाटा फुटतात तिथे आम्ही चुकलो आणि बँकवाला मित्र मागेच राहिला. त्याला शुगर. जवळजवळ तासाभरानं तो एका ऐनाखाली बसलेला सापडला. शर्ट घामानं चिंब, हात थरथरत होते. साखर तोंडात टाकल्यावर बऱ्याच वेळानं त्याला बोलता आलं.

 त्यानंतर वाटेत मी सारखा मागे वळून माणसं मोजत असे. "मास्टर, हजेरी घेऊन राहिले का?" तो मित्र चिडवायचा, पण मला हसू येत नसे. हे लोक माझ्या भरवशावर आलेत, कुणाचं काही झालं तर त्याच्या घरच्यांना काय तोंड दाखवू, हाच घोर. शेवटी मी ठरवलं, वाटेवरच्या झाडांना खुणा करायच्या.

आठवड्यातल्या एका मधल्या दिवशी मी एकटाच गेरूत डिंक कालवून डबा भरून घेऊन गेलो. डबा सोबत्याच्या हातात दिला आणि ब्रश माझ्या. पहिल्या सागाला मी बुंध्याभोवती लाल पट्टा मारला तसा तो थबकला.

"पट्टा कायले, गुरुजी? ठिपका द्या चुन्याचा. गेरूचा पट्टा म्हणजे कापाचं झाड. इथं पोट्ट्यालेही समजते."

"चुना पावसात धुऊन जातो," मी म्हणालो आणि पट्ट्यावर १ हा आकडा काढला.

"बरं, पट्टा मारा. पण आकडा तरी नका टाकू जी."

मला आकडे हवेच होते. कुणी मागे राहिला तर त्यानं फोनवर "सातवर आहे" म्हणावं आणि आपण नेमकं तिथे जावं, असा माझा हिशेब. मी त्याला समजावलं, कटाईच्या झाडावर जंगलखात्याच्या हातोड्याचा शिक्का असतो, आपल्या झाडांवर तो नाही, तेव्हा घोटाळा होणार नाही. वर्गात बोलायचो त्याच आवाजात समजावलं.

तो हसला. "कापणारा शिक्का पाहाले थांबते काय?" एवढं बोलून डबा धरून माझ्यामागे चालू लागला. माझा शब्द खाली पडू न देणं ही त्याची सवय होती आणि मला ती माहीत होती.

जंगल संपून पाळ सुरू होते तिथे त्याच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोहाची तीन जुनी झाडं होती. भावाभावांची वाटणी झाली तेव्हा ती मोठ्या भावाकडे गेली होती. भाऊ वारल्यावर त्याची बायको, म्हणजे आमच्या सोबत्याची वहिनी, त्या झाडांची फुलं वेचायची. तिला मूलबाळ नव्हतं. उन्हाळ्यात ती पहाटे टोपली घेऊन जाई आणि त्या फुलांवर तिचं वर्षाचं तेलमीठ चाले. त्या झाडांवर मी ११, १२, १३ हे आकडे टाकले. मग ब्रशही त्याच्याकडे दिला आणि तलावात हात धुतले. परतताना जळण घेऊन येणाऱ्या बायांनी आम्हाला पाहिलं. डबा आणि ब्रश त्याच्या हातात होते. माझे हात स्वच्छ होते.

थंडी संपता संपता शेजारच्या मालकी जमिनीवर सागाची कटाई सुरू झाली. ठेकेदाराचे कापणारे मजूर बाहेरगावचे. एका दुपारी सोबत्याचा फोन आला.

"गुरुजी, वहिनीचे तिन्ही मोह गेले. पट्टा पाहून कापले."

मी पहिला प्रश्न विचारला तो असा : "आकडे दिसतात का अजून?"

 तो म्हणाला, "ते खोडं तर ट्रकात गेले. बाकीच्या झाडायवर हायेत ना."

बाकीची झाडं सरकारी जंगलातली. त्यांच्यावर रंग फासल्याचं खात्याला कळलं तर गुन्हा दाखल होईल, पेन्शन अडकेल, पेपरात नाव येईल, हे सगळं त्या एका क्षणात माझ्या डोक्यात येऊन गेलं. मी म्हणालो, "कुणाला काही बोलू नको."

ठेकेदाराचा मुनीम गावात सांगत सुटला, पट्टा होता, आकडा होता, घरच्याच कुणीतरी झाडं दाखवली असतील. बायांनी डबा पाहिलेलाच होता. वहिनीची झाडं दिरानं परस्पर विकली, असं गावानं धरलं. पुढच्या रविवारी मी एकटाच गेलो तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात बैठक भरली आणि मला मानानं खुर्ची दिली. वहिनी खांबाला टेकून बसली होती.

एका म्हाताऱ्यानं विचारलं, "गुरुजी, तुमी तं दर आठवड्याले तिकडे फिरता. हे पट्टे कोनाचे जी?"

सोबती समोरच जमिनीवर बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मला कल्पना नाही. ठेक्याच्या माणसांनी मारले असतील."

त्यानं मान खाली घातली. त्याच्या तोंडून माझं नाव निघेल म्हणून माझे कान तापले होते. तो एक शब्द बोलला नाही.

जीपपर्यंत तो माझ्यासोबत आला. म्हणाला, "गावाले नका सांगू, गुरुजी. वहिनीले एकटीले सांगा. ते कोनाले नाई सांगनार. ते माह्या घरचं पानी पेऊन नाई राहिली."

"येतो पुढच्या रविवारी," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी मी मंडळींना दुसऱ्याच एका तलावावर नेलं. त्याच्या पुढच्या रविवारी गुडघ्याचं निमित्त काढलं. त्या दुसऱ्या तलावाकाठचं रान छान होतं, पाण्यावर बदकं होती, मित्र खुश होते. मला मात्र प्रत्येक बुंध्यावर लाल दिसे. घरी फोन वाजला की आधी नंबर पाहायचो. त्याचा असला की वाजू द्यायचो. काही महिन्यांनी त्याचे फोन बंद झाले. पुढे जीपवाल्याकडून कळलं, गावानं पाळीची देखरेख त्याच्याकडून काढून घेतली. ज्यानं वहिनीची झाडं विकली तो उद्या तलावातली मासोळीही विकेल, असं कुणीतरी बोललं म्हणे.

तो गेल्या हिवाळ्यात वारला. तेराव्याला मी गेलो. आज सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. जीपमध्ये वाक्य पाठ करत होतो. वहिनी अंगणाच्या कडेला परक्यासारखी बसली होती. मला पाहून उठली, पाण्याचा गडवा आणून दिला.

"गुरुजी, लय वर्षानं आले."

"हो."

"त्यानं शेवटपावेतो कबूल नाई केलं. मी म्हनलं, विकले तं विकले, पन सांग तं. नाईच बोलला." मग म्हणाली, "तुमी काऊन नाई समजावलं जी त्याले? तुमची गोष्ट त्यानं आयकली असती."

मी गडवा तोंडाला लावला. पाणी संपेपर्यंत प्यायलो. मग म्हणालो, "हो, ऐकली असती." आणि जेवणाच्या पंगतीत जाऊन बसलो.

ती आहे अजून. तिला वाचता येत नाही. हे तिच्यासमोर बसून कुणीतरी वाचून दाखवावं, एवढ्यासाठी मी नीट, क्रमानं लिहिलं आहे. तिला सांगणं अजून होऊ शकतं. त्याला सांगायचं होतं ते मात्र राहून गेलं. भाऊ, पट्टे मी मारले, आकडे मी टाकले, तू नको म्हणत असताना टाकले, आणि भर बैठकीत तुझ्या तोंडाकडे पाहून खोटं बोललो. मला माफ कर.