करिअर क्लबला शिकवलेली मोजणी

मुलीच्या शाळेतल्या करिअर क्लबवर मी अजून चिडलेलो आहे. घरात हा विषय काढला की बायको उठून आत जाते, म्हणून लिहून काढतो.

मी संत्र्याचा व्यापारी, दहावी नापास. सौंसर, मोहगाव, पांढुर्ण्याकडच्या बागा मी फळ झाडावर असतानाच उक्त्या घेतो. म्हणजे अख्ख्या बागेचा एकच भाव ठरतो, पुढची तोडणी माझी. या सौद्यात तराजू नसतो. बागेत फळ किती हे मला मालकापेक्षा नीट कळतं, एवढ्या एका गोष्टीवर माझं घर आणि मुलीची शाळा चालते. ही नजर कोणी शिकवली नाही. दोन बहार पार बुडालो, तेव्हा आली.

शाळेत दोन क्लब आहेत. सेवा क्लब झाडं लावतो, बसस्टँड झाडतो. करिअर क्लब पोरांना पुढं काय व्हायचं ते सांगतो. सेवा क्लबला दर पावसाळ्यात माझी माल वाहायची गाडी लागते. तीन वर्षं मी रोपं, फावडी आणि पोरं फुकट वाहिली. तिन्ही वर्षी माइकवरून आभार मानले ते बिस्किटं वाटणाऱ्यांचे. आणि करिअर क्लबात बोलायला बोलावतात कोणाला? बँकेतल्या साहेबांना, पटवाऱ्याला, तिगाव स्टेशनावर नोकरी करणाऱ्या एका गृहस्थाला. क्लबची सचिव माझीच मुलगी, अकरावीतली. यादी तिच्या अक्षरात, आणि त्यात बाप नाही.

यंदा गाडीसाठी दोन्ही क्लब पाहणाऱ्या मॅडमचा फोन आला तेव्हा मी सरळ शाळेतच गेलो.

"गाडी देतो मॅडम. पण मले करिअर क्लबात बोलाचं हाय."

"विषय काय लिहू भाऊ? तो कार्यक्रम नोकऱ्यांचा आहे."

"व्यापार लिहा. अर्धा तास."

"पाच मिनिटं देता येतील."

"पाच मिनिटात तर माही गाडीही सुरू होत नाही."

बरीच ओढाताण झाली. शेवटी पंधरा मिनिटं आणि छापील पत्रिकेत उल्लेख, यावर जमलं.

संध्याकाळी मुलीनं तोंड पाडलं. "मागून कायले घेतलं, बाबा?"

"तू यादीत टाकलं नाही म्हणून."

"तुम्ही चिडता. मागच्या पालकसभेत पंख्यावरून भांडले तुम्ही सरांसंग."

"पंखा बंद होता."

"तेच सांगून राहिली मी."

कार्यक्रमाच्या दिवशी मी कष्ट, जिद्द असं काहीबाही बोललो. तीन मिनिटांत शब्द संपले. मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "काका, यात रविवारची सुट्टी राहते का?" सगळे हसले. बोलायला आलेला पटवारीही हसला. तिथं माझं डोकं फिरलं. म्हटलं, उठा सगळे, बाहेर चला.

शाळेच्या भिंतीला लागून एक बाग आहे, मालक ओळखीचा. पहिल्या झाडापाशी उभं करून विचारलं, फळं किती? कोणी दोनशे म्हणालं, कोणी पाचशे. पटवाऱ्यानं तीनशे सांगितली. मी म्हटलं, साडेआठशे. पुन्हा हसले. मग चार जणांना मोजायला लावलं. हिरवी फळं, पानांत लपलेली, त्यांना बराच वेळ लागला. आठशे एकतीस भरली.

कोणी हसलं नाही. त्या गप्प बसण्यानंच माझा घात केला.

मी सगळं सांगून टाकलं. मालक उभा राहून पाहतो, म्हणून त्याला झाडाच्या पोटातलं फळ दिसत नाही. तुम्ही झाडाखाली बसा आणि वर पाहा. झाडाचे चार भाग करा, एकच मोजा. कडेची ओळ धरू नका, तिला ऊन जास्त, फळही जास्त. आतल्या ओळींतलं दर दहावं झाड घ्या. शेवटी गळ, म्हणजे तोडणीआधीच गळून पडणारं फळ, वजा करा, शंभरामागं दहा. पंधरा मिनिटांचा तास झाला, बँकेच्या साहेबांची पाळी गेली. मुलगी भराभर वहीत उतरवत होती. मला वाटलं, पोरीला आज बाप दिसला.

समोरची निम्मी पोरं बागवाल्यांच्या घरची आहेत, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. मी चहावाल्यालाही माझा भाव कळू देत नाही.

महिन्याभरानं मोहगावला गेलो. तिथली एक बाग पाच वर्षं मीच घेतो. मालक म्हातारे, माझ्या शब्दावर चालणारे. मनात मी ब्याण्णव हजार फळ धरलं आणि नेहमीसारखं तोंड वाकडं केलं. "यंदा फळ पातळ हाय जी. सत्तर हजाराच्या वर जात नाही."

म्हातारे म्हणाले, "थांबा सेठ, पोरी मोजून राहिल्या."

आत शाळेच्या गणवेशातल्या तीन मुली झाडाखाली बसल्या होत्या, माना वर. मधली माझी.

"शाळेचं सेवेचं काम हाय म्हणते," म्हातारे म्हणाले. "करिअर क्लबानं शिकलं, आता सेवा क्लब ज्याले पाहिजे त्याले मोजून देते."

"लेकरांच्या मोजणीवर सौदा करता काय तुम्ही?"

"तुमचीच हाय ना जी पोरगी. तुमच्यावानीच मोजत असन."

मी तिच्यापाशी गेलो. "घरी चाल."

"एक ओळ राहिली, बाबा."

"कोणाच्या बाजूनं हायेस तू?"

"मोजून राहिली. त्यात बाजू कायची?"

"गळ धरली?"

"धरली. शंभराले बारा."

"मी दहा सांगितली होती."

"इथं पाणी कमी पडलं. खालचे देठ पाहा ना."

मी खाली बसलो. देठ पिवळे पडले होते. बारा बरोबर होती, मी घाईत दहाच धरून आलो होतो. तिच्या कागदावर आकडा आला नव्वद हजार. म्हणजे तिनं म्हाताऱ्यांचं फळ कमी केलं आणि माझं सत्तर हजारही मोडून टाकलं. पांढुर्ण्याचा दुसरा व्यापारी दुपारी येणार होता. मी नव्वद हजार फळ धरूनच बाग घेतली. म्हाताऱ्यांनी हात जोडले, पण मला नाही, पोरींना.

आता मोहगावचे बागवाले मला बोलावण्याआधी शाळेत फोन करतात. बाजारातले व्यापारी भेटले की विचारतात, आणखी काय शिकवलं पोरायले? मॅडमनी पत्रिकेत माझा उल्लेख "शेतकरी मार्गदर्शक" असा छापला होता, तो कागद त्यांनी वर्गात लावला आहे. व्यापारी हा शब्द त्यात कुठंच नाही.

परवा जेवताना मी मुलीपुढं प्रस्ताव ठेवला. मी ज्या बागेत जाणार, तिथं क्लबानं आठ दिवस जाऊ नये.

"नाही जमणार."

"चार दिवस."

"बाबा, मालक बोलावते त्या दिवशी जातो आम्ही."

"बरं, एक सकाळ. फक्त मी पाहून येईपर्यंत."

तिनं ताटातली भाकरी मोडली आणि म्हणाली, "तुम्ही आमच्यासंग या ना. गळ धरायले कोणीतरी पाहिजे, पोरींचं चुकते."

मी नाही म्हटलं. तिनं शनिवारची वेळ सांगून ठेवली आहे.